‘गाव’ या रकान्यातली मुंबई

आमची राजधानी गेली त्याला वर्ष उलटलं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूर आता राजधानी नाही, राजधानी मुंबई, असं सगळे सांगतात. म्हटलं, ज्या शहराने आपला मान काढून घेतला ते एकदा नीट पाहून तरी यावं. हे आपलं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण सांगितलं की लोक जांभई देतात, पण तुम्ही वाचायला बसलाच आहात तर ऐका.

मी नागपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गेली दोन वर्षं एका विषयाने मला पछाडलं आहे. मोजदादीचं काम माणसाकडून काढून यंत्राकडे दिलं की त्या माणसाचं काय होतं? यंत्र म्हणजे गिरणीतलं नव्हे. जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडायची, आणि ती भोकं वाचून हजारो माणसांचे गट पाडायचे, बेरजा करायच्या, असं हे यंत्र. प्राचार्यांना विषय सांगितला तर ते म्हणाले, अहो, कापसावर लिहा, कापूस चांगला आहे. शेवटी माझ्या हट्टापुढे त्यांनी हात टेकले आणि सहा आठवड्यांची रजा दिली. त्यापुढे एक दिवस नाही, हेही बजावलं.

मुंबईत एक संस्था गिरणी कामगारांची पाहणी करत होती. कामगारांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि त्यांची कार्डं परळच्या एका कचेरीत काढायची, असं ठरलं होतं. मी संस्थेला लिहिलं की तुमचा इंग्रजी फॉर्म मराठीत मी करून देतो, तो भरून घ्यायला चाळीचाळीत फिरतो, मला फक्त त्या कार्डखोलीत बसायची परवानगी मिळवून द्या. त्यांना फुकटचा माणूस हवाच होता. त्या पाहणीचा तक्ता माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होणार होता, म्हणजे सगळी गाडी त्या तक्त्यावर अडली होती.

ठाकूरद्वार

उतरलो माझा आतेभाऊ वसंता याच्याकडे. तो बँकेत कारकून. ठाकूरद्वारच्या एका वाडीत दोन खोल्या, नवरा-बायको, आणि आता मी. येताना संत्र्यांची करंडी आणली होती, तिने माझी फार लाज राखली. कारण संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो की शेजारपाजारचे एकेक जण यायचे, भिंतीवरच्या घोषणांकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, की तुम्ही विदर्भवाले नक्की कुणाच्या बाजूचे? संयुक्त महाराष्ट्रात यायचंय की वेगळं व्हायचंय? आता माझ्या घरातच यावर तीन मतं आहेत. मी आपलं संत्रं पुढे करायचो. सोलता सोलता माणूस विषय विसरतो, हा अनुभव.

सुमनवहिनी, म्हणजे वसंताची बायको, सुगरण. पण खोबरं! आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो, इथे तो रोज दुपारी फुटतो. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, वाटाण्यावरही खोबरं. मी तिसऱ्या दिवशी हळूच सुकी लाल मिरची मागितली, तर वहिनींनी वसंताकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या माहेरावर बोललो. पुढे मात्र त्या रोज न बोलता ताटाच्या कडेला मिरचीचा ठेचा ठेवू लागल्या.

पहिल्या दिवशी ट्रामने परळला उतरायचं होतं. नागपुरात ट्राम नाही. खिडकीतून लोकांची धांदल बघण्यात मी इतका रंगलो, की थेट दादरला जाऊन पोचलो. कंडक्टर म्हणाला, उतरा आता, पुढे रूळ नाहीत. चालत परत आलो, आणि कार्डखोलीत पहिल्याच दिवशी उशिरा पोचलो.

परळ

लांबट खोली, उंच छत, खिडक्यांवर काळे पडदे नाहीत की काही गूढ नाही. एका रांगेत सहा मुली यंत्रांवर बसलेल्या, समोर फॉर्मची चळत, डाव्या हाताने कागद उलटायचा आणि उजव्या हाताने खटाखट आकडे दाबायचे. प्रत्येक आकड्याला कार्डात एक भोक. आवाज एवढा, की बोलायचं तर कानाशी जावं लागे. मागच्या बाजूला कार्डांचे गट पाडणारं मोठं यंत्र होतं, त्यातून पत्ते पिसल्यासारखी कार्डं पडत राहायची.

खोलीचे प्रमुख कर्णिकसाहेब, दादरच्या हिंदू कॉलनीतले, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं अगदी पुस्तकी. माणूस सज्जन. त्यांनी मला सगळं समजावलं. नाव, गाव, भाषा, धर्म, गिरणीतलं खातं, सगळ्याला आकडे. कुठल्या उत्तराला कुठला आकडा याची यादी मीच करून पाठवली होती, ती भिंतीवर लावलेली. ते म्हणाले, "प्राध्यापक, या खोलीचा नियम एकच. कागदावर आहे ते कार्डावर. पंचिंग करणारीने अक्कल चालवली की यंत्राला काही अर्थ राहिला नाही." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. प्रबंधात घालायला छान होतं.

मुलींशी ओळख व्हायला माझ्या भाषेची मदत झाली. मी पहिल्याच दिवशी विचारलं, की काय करून राहिल्या तुम्ही? तर सहाच्या सहा हसत सुटल्या. त्यानंतर माझं येणं झालं की कोणीतरी म्हणायचंच, सर येऊन राहिले. नागपूरला आम्ही असंच बोलतो, त्यात हसण्यासारखं काय आहे हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या हसण्याने खोली मोकळी झाली.

त्यातली एक शालिनी परब, लालबागची, वीस वर्षांची, सगळ्यांत भरभर हात चालणारी. या सहा जणींखेरीज एक मंदा जाधव, ती वेगळ्या यंत्रावर बसायची. तिचं काम तपासणीचं. शालिनीने पाडलेलं कार्ड घ्यायचं, तोच फॉर्म समोर ठेवायचा आणि तेच आकडे पुन्हा दाबायचे. जुळलं तर कार्डाच्या कडेला खाच पडते. नाही जुळलं तर यंत्र अडतं, आणि खाच पडते ती चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर. मंदा म्हणाली, इथे मैत्रिणीची चूक झाकायची सोय नाही सर, यंत्रच बोंबलतं. ती डिलाईल रोडच्या चाळीतली. वर्षभरापूर्वी दसऱ्याला सगळं घर धर्म बदलायला नागपूरला येऊन गेलं होतं, म्हणून मी तिला घरचाच वाटायचो. मी त्या दिवशी गावात होतो का, असं तिने विचारलं. मी होतो, आणि गर्दी फार म्हणून घरातून बाहेर पडलो नव्हतो. तिला हे सांगताना माझी मलाच लाज वाटली.

लालबाग

फॉर्म भरायला पहिली चाळ शालिनीनेच दाखवली, तिची स्वतःची. रविवार होता. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना मला तीन शिंका आल्या आणि बरं वाटलं, कारण मुंबईत तिखट आहे हे पहिल्यांदा कळलं.

तिचे वडील गिरणीत साचे चालवतात, म्हणजे माग. चव्वेचाळीस वर्षांचे, पण ऐकू कमी येतं, मागांच्या आवाजाने कान गेलेत. त्यामुळे मी ओरडून विचारायचं, ते ओरडून सांगायचे, आणि आख्खी चाळ दारात उभी राहून ऐकायची. शालिनीच्या आईने जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. मी मटणाचा माणूस, काट्यांची सवय नाही. बोलता बोलता एक काटा घशात अडकला. माझे डोळे पांढरे. त्या माउलीने शांतपणे कोरड्या भाताचा मुठीएवढा गोळा हातात दिला आणि न चावता गिळायला लावला. काटा गेला. वर म्हणाली, मास्तर, मासो खाताना भाषण करूचा नसता. हा धडा मी नागपूरला घेऊन आलो आहे, उपयोग मात्र नाही.

तर फॉर्म. मूळ इंग्रजीत माणूस कुठला ते विचारणारा एक रकाना होता. मी त्याला ‘गाव’ केलं होतं. दोन अक्षरांत काम झालं म्हणून स्वतःवर खूश होतो. मी परबांना विचारलं, गाव कोणतं? ते म्हणाले, मसुरा, तालुको मालवण, जिल्हो रत्नागिरी. मी लिहिलं. पुढे वय चव्वेचाळीस, मुंबईत किती वर्षं, तर चव्वेचाळीस. तेही लिहिलं. मग सहज, फॉर्मबाहेरचं, म्हणून विचारलं की जन्म कुठला?

"जन्म हयच, ह्याच खोलयेत," ते म्हणाले. "पण तुमी गाव इचारलास."

मसुऱ्याला ते आयुष्यात चार की पाच वेळा गेले होते. तिथे घराच्या नावाने एक चौथरा आहे. तरी गाव म्हणजे मसुरा. मला ते फार गोड वाटलं. आमच्याकडे नागपूरला जन्मलेल्याला गाव विचारा, तो नागपूर म्हणेल. इथे मुंबईला कोणी गावच म्हणत नाही. मुंबई म्हणजे मुंबई, गाव म्हणजे कोकण. मी ही गंमत वहीत नोंदवली, त्यापुढे एक कौतुकाचं वाक्य लिहिलं, आणि आपल्या हातात एक फॉर्म आहे हे साफ विसरलो. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस मी शेकडो लोकांना तसंच गाव विचारत फिरलो, आणि मुंबईत जन्मलेल्या माणसांच्या तोंडून कोकणातली, देशावरची गावं उतरवून घेत राहिलो.

दादर

चार दिवस दादर-नायगावच्या चाळींत होतो. पाचव्या दिवशी कार्डखोलीत गेलो तर सगळ्या मान खाली घालून काम करताहेत, मला कोणी येऊन राहिले म्हणालं नाही. शालिनीची खुर्ची रिकामी होती.

कर्णिकांनी मला टेबलाशी बोलावलं. त्यांच्यासमोर एका ट्रेमध्ये कार्डं होती, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रकान्यापाशी खाच. रकाना गावाचा. शालिनीने फॉर्मवर रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव असूनही कार्डावर मुंबईचा आकडा पाडला होता. एकदा नाही, शेकडो वेळा. हात चुकला असता तर एकदा चुकला असता. तिला विचारलं तेव्हा तिने कबूल केलं, की मुद्दाम केलं. कर्णिक मनापासून दुखावले होते. म्हणाले, माझी सगळ्यांत चांगली मुलगी, पण शनिवारी तिला निरोप द्यावा लागणार. एकीला चालवून घेतलं तर उद्या बाकीच्या पाच जणी आपापल्या मनाची भोकं पाडतील. मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, हेही खरं सांगतो.

शालिनी जिन्यात भेटली. शनिवारपर्यंत तिला कागद मोजून गठ्ठे बांधायचं काम दिलं होतं. डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठणठणीत.

"सर, बाबांचा फॉर्म माझ्यासमोर आला," ती म्हणाली. "वय चव्वेचाळीस, मुंबईत चव्वेचाळीस वर्षं. मग हा माणूस कुठला? मी रत्नागिरी दाबायला गेले आणि हात थांबला. मग जिथे जिथे वय नि वर्षं सारखी आली, तिथे मी मुंबई दाबली."

मी विचारलं, मला का नाही विचारलंस? तर म्हणाली, तुम्ही नव्हता, आणि तासाला शंभरावर कार्डं व्हायलाच लागतात. मग म्हणाली, की सर, उद्या तुमचा तक्ता छापून येईल, त्यात लिहिलेलं असेल की गिरणगावात मुंबईचा माणूस जवळजवळ नाहीच. मुंबई कुणाची यावर एवढं रान पेटलंय. कोणीतरी तो तक्ता वर धरून म्हणेल, बघा, हे सगळे पाहुणे आहेत. हे तिने मला ऐकवावं, आणि मी संशोधक. 

खाली मंदा उभी होती.  एवढंच म्हणाली, की यंत्र अडलं, मी काय करणार होते? शालूच्या घरी मी रोज चहा पिते. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

संध्याकाळी वसंताला सगळं सांगितलं. तो बँकेतला माणूस, कागद कसा फिरतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो म्हणाला, चूक तुझी आहे असं तू लिहून दिलंस तर ते पत्र संस्थेकडे जाणार. सगळी कार्डं पुन्हा काढावी लागतील, तुझी रजा संपेल, तक्ता हातात पडणार नाही, प्रबंध एक वर्ष मागे. वर संस्था म्हणेल, याला साधा फॉर्म करता येत नाही. आणि गप्प बसलास तर एका मुलीची नोकरी जाते, तिला दुसरी मिळेल.  वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, की भावजी, तिच्या आईने तुमच्या घशातला काटा काढला ना? वसंता म्हणाला, त्याचा इथे काय संबंध? वहिनी म्हणाल्या, काही नाही, आपलं विचारलं. त्या रात्री ताटाच्या कडेला ठेचा दुप्पट होता.

पुन्हा परळ

शनिवारी सकाळी गेलो तेव्हा शालिनी पिशवी आणि डबा मांडीवर घेऊन कार्डखोलीबाहेर बाकावर बसली होती. तिचं पत्र टाइप होऊन सहीला आलं होतं. मी आत जाऊन कर्णिकांना म्हटलं, की शब्द माझा होता, ‘गाव’. मला जन्म कुठला ते हवं होतं, आणि मी विचारलं भलतंच. या शहरात गाव म्हणजे काय हे मला तिच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून वहीत ठेवलं, फॉर्ममध्ये आणलं नाही. तिने नियम मोडला हे खरं. पण तिने तो मोडला नसता तर मी खोटा तक्ता छापला असता.

कर्णिकांनी चष्मा काढला. म्हणाले, "लिहून द्याल? सहीनिशी?"

मी त्यांच्याच पेनाने लिहिलं. चूक फॉर्म करणाऱ्याची. यापुढे वय आणि मुंबईतली वर्षं सारखी असतील तर रकान्यात मुंबई धरावी. खाली नाव, सही.  त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उठून त्यांनी तो डोक्यावर खाचा पडलेला ट्रे उचलला आणि बरोबर कार्डांच्या कपाटात ठेवला. कपाटातले बाकीचे ट्रे एकेक करून बाहेर काढले.

"पाच जणींनी नियम पाळला," ते म्हणाले. "त्यांची कार्डं पुन्हा तपासायची. जिने मोडला तिची तेवढी बरोबर." टाइप केलेलं पत्र त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकलं.

शालिनीला आत बोलावून त्यांनी तिच्या हातात माझा कागद दिला आणि सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितलं. यंत्रं थांबली. तिने वाचला. वाचून झाल्यावर ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मंदा धावत येऊन तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली. मलाही रडू आलं, म्हणून मी भिंतीवरची यादी वाचत उभा राहिलो.

 कर्णिक शालिनीला म्हणाले, की परबबाई, तुम्ही केलंत ते बरोबर ठरलं, पण रीत चूक होती. शंका आली तर हात वर करायचा आणि विचारायचं.

"विचारलं असतं सर," ती म्हणाली. "पण या खोलीत कोणी विचारलेलं मी कधी बघितलंच नाही."

 कर्णिकांनी खोलीकडे वळून विचारलं, की आणखी कोणाला काही शंका आहे का? माझी खात्री आहे की त्यांना उत्तराची अपेक्षा नव्हती.  मग शालिनीच्या पाठीवरचा हात काढून मंदाने तो वर केला.

"सर, धर्माच्या रकान्यात," ती म्हणाली. "आमच्या चाळीतल्या फॉर्मांवर बौद्ध लिहिलंय. भिंतीवरच्या यादीत बौद्धाला आकडाच नाही."

यादी माझी. मी नागपूरचा. कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग मी तिला विचारलं, की आतापर्यंत त्या कार्डांवर काय पाडलंत?

"इतर," मंदा म्हणाली. "पंचिंग करणारीने अक्कल चालवायची नाही ना."

मी कर्णिकांकडून पुन्हा पेन मागून घेतलं, यादी भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर ठेवून खुर्ची ओढली.